मुद्दाम पूर्वेकडे

घड्याळ पितळी कड्यांमध्ये झुलत असायचं,
जहाज कितीही लवंडलं तरी त्याचं तोंड आभाळाकडे.
रोज सकाळी त्याला सात वेढे द्यायचे
हे माझं काम.
मी चौदा वर्षांचा. गळ्यात चावी.

प्रॉव्हिडन्सहून ब्रावा बेटाकडे निघालेली 'दोना लुझिया',
पोटात पिठाची पिंपं, पत्रे, एक शिवणयंत्र,
आणि डेकवर क्रॅनबेरीच्या चिखलात हंगामभर राबून
नाताळला घरी चाललेली माणसं.
न्हा मार्सेलिना यंत्राच्या खोक्यावरच झोपायची,
कुणी चोरून समुद्रात पळेल म्हणून.

कप्तान न्हो जेरवाज सेक्स्टंट डोळ्याला लावायचा,
आरशातून सूर्याला खाली ओढायचा,
तापल्या तव्याला बोट लावून बघावं
तसा क्षितिजाला टेकवायचा
आणि ओरडायचा, "आत्ता!"
तो 'आत्ता' मी घड्याळातून टिपून घ्यायचो.
चार सेकंद चुकले की मैल चुकतो, तो म्हणायचा.
मैल म्हणजे काय ते मला माहीत होतं.

मग दोन दिवस वादळ.
दोन दिवस मी पिठाच्या पोत्यांत तोंड खुपसून ओकत पडलो,
चावी गळ्यातच.
तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर
काटे तीन सतरावर उभे.
मी वेढे दिले. काटे अंदाजाने पुढे ढकलले.
तोंडातून ब्र काढला नाही.

त्या सकाळी त्याने सूर्य घेतला. "आत्ता!"
मी आकडा सांगितला. आवाज नेहमीसारखाच निघाला,
याचं मला अजून नवल वाटतं.
त्याने कोष्टकं उलटली, पेन्सिल जिभेला लावली,
नकाशावर टिंब ठेवलं
आणि बघत राहिला.
टिंब सेनेगलच्या आत, कोरड्या जमिनीवर.
भुईमुगाच्या शेतात कुठेतरी आमची शिडं.

आता कानाखाली बसणार, मला वाटलं.
त्याने टिंब खोडलं. रबराचा चुरा फुंकरीने उडवला.
"चल वर," म्हणाला,
"घड्याळ न लागणारा सूर्य दाखवतो."

दुपारी सूर्य चढत जातो, चढत जातो,
मग निघालेला पाहुणा उंबऱ्यात रेंगाळावा
तसा थोडा वेळ नुसता उभा.
"ती उंची मोज. उत्तर-दक्षिण ती सांगते,
कुणाला वेळ न विचारता."
"आणि पूर्व-पश्चिम?"
"ते गेलं."
एवढंच.

मग त्याने दिशा दिली,
घराच्या रोखाने नाही, घराच्या बरंच पूर्वेला.
"चुकायचंच आहे तर ठरवून एका अंगाला चुकायचं.
म्हणजे ब्रावाच्या रेघेवर उतरलो की
कुठे वळायचं हा प्रश्न राहत नाही."
हे तो सुकाणूवाल्याला सांगत होता.
माझ्याकडे बघत नव्हता.

रोज रात्री ध्रुव थोडा खाली यायचा.
न्हा मार्सेलिना खोक्यावरून मान वर करायची:
"आमच्या विहिरीपाशून तो डोंगराच्या दातावर बसतो.
अजून उंच आहे."
सेक्स्टंट म्हणायचा, तीन अंश. मग दोन. मग अर्धा.
"आता बसला," ती म्हणाली,
आणि जहाज पश्चिमेला वळलं.

हवेत सहाराची धूळ, चाळलेल्या पिठासारखी.
बेटंबिटं काही दिसेना.
माझं वाक्य तयार होतं,
दोन दिवस ते मी बिस्किटासारखं चघळत होतो, गिळवत नव्हतं.

तेवढ्यात धुळीच्याही वर,
जिथे फक्त आभाळ असायला हवं तिथे,
फोगोचा सुळका. खाली पाया नाही, काही नाही.
त्याच्यामागेच ब्रावा.
माणसं ओरडली. कुणीतरी पत्र्यावर ताल धरला.

न्हो जेरवाज घड्याळापाशी बसला.
आता जागा ठाऊक होती,
त्यामुळे सूर्याकडून वेळ मागून घेता येत होती.
त्याने काटे नीट लावले, वही उघडली,
पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

"किती वाजता थांबलं होतं?"
"तीन सतरा."
"लिही."

जहाजाच्या वहीतलं
माझं ते पहिलं अक्षर.